साचा, नमुना आणि निरंक

जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर कोणत्याही पर्यटनस्थळाचं पान उघडा. तळाशी ‘कसे पोहोचाल’ असा भाग असतो आणि त्यात तीन रकाने असतात: विमानाने, रेल्वेने, रस्त्याने. पुण्याला हाच क्रम, गडचिरोलीला हाच, हिंगोलीलाही हाच. हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही, जवळचा नांदेडला. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून जिथे लोक वर्षभर येतात त्या नर्सीला कोणी एसटीने येतो, कोणी जीपने, कोणी गावाने मिळून टेम्पो करून. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते तेव्हा हिंगोली जिल्ह्यातून चालत जाते, आणि तिच्याबरोबर शेकडो माणसं चालतात. पानावर पहिला रकाना विमानाचा आहे. पायी येणाऱ्यासाठी रकानाच नाही.

एक साचा आखायचा आणि शेकडो जिल्ह्यांना लावायचा, या पद्धतीचं सगळं बळ आणि सगळी उणीव त्या तीन रकान्यांत दिसते. साच्यांवर टीका करणं सोपं आहे, पण मी साच्याच्या बाजूचा आहे. हिंगोलीसारख्या जिल्ह्याला, जिथे जिल्हा कार्यालयात स्वतंत्र वेब-विभाग, डिझायनर, संपादक असं काही नसतं, तिथे तयार साचा नसेल तर वेबसाइट नीट उभीच राहणार नाही. प्रश्न साचा हवा की नको हा नाहीच. त्यातले रकाने कोणाच्या गरजेवरून आखले आणि रिकाम्या रकान्याचं काय करायचं, हे दोन प्रश्न मात्र अजून मोकळे आहेत.

‘टेम्प्लेट’ हा शब्द नवा असला तरी वस्तू आपल्याकडे जुनी आहे. तलाठी दप्तरातला माणूस तिला ‘नमुना’ म्हणतो. महसुलाचे गाव नमुने एकूण २१. सहा नंबरला फेरफार नोंदवही, सातला अधिकार अभिलेख, आठ-अ ला खातेदाराची एकूण जमीन, बाराला पिकांची नोंद. सात आणि बारा एका कागदावर आले आणि ‘सातबारा’ हा शब्द घराघरात गेला. ग्रामपंचायतीचे नमुने वेगळे, १ ते ३३. त्यातला आठ नंबर म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही. कळमनुरीचा शेतकरी कोल्हापूरच्या कागलमधला सातबारा हातात घेऊन क्षेत्र कुठे, आकार कुठे, इतर हक्क कुठे हे बोट ठेवून सांगू शकतो. एखाद्या आखणीने लोकांच्या डोळ्यांना इतकं वळण लावल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन सुचत नाही.

हिंगोलीला तर साचा बदलण्याचाही अनुभव आहे. हा मुलूख हैदराबाद संस्थानातला. इथल्या जुन्या जमिनीच्या नोंदी पहाणीपत्रकात आणि १९५४-५५ च्या खासरापत्रकात सापडतात, आणि त्याही आधीची कागदपत्रं उर्दूत, मोडीत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा. तो लागू झाल्यावर राज्यभर एक कायदा आणि एक धाटणीचे नमुने आले. तरी आजही जुना हक्क सिद्ध करायचा तर माणूस खासरापत्रकाची नक्कल काढायला धावतो. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली तेव्हा याच जुन्या दप्तरांचे गठ्ठे पुन्हा सोडावे लागले. म्हणजे नवा साचा आला तरी जुन्या साच्यातली माहिती जपावी लागते. वेबसाइट बदलताना नेमकं हेच विसरलं जातं: नवं रूप येतं, जुने दुवे तुटतात, आणि पाच वर्षांपूर्वीची अधिसूचना कुठे गेली ते कोणाला सांगता येत नाही.

आता वेबकडे. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, तेव्हा प्रत्येक पान म्हणजे एक स्वतंत्र फाइल होती. शंभर पानांची वेबसाइट असेल आणि कार्यालयाचा फोन नंबर बदलला, तर शंभर फाइली उघडायच्या. त्यात पाच-सात राहून जाणारच. हाकोन विउम ली यांनी १९९४ मध्ये सुचवलेली आणि १९९६ च्या डिसेंबरात प्रमाण ठरलेली स्टाइलशीट आली, आणि रंग, अक्षर, अंतर या गोष्टी मजकुरापासून वेगळ्या झाल्या. पुढे मजकूर डेटाबेसमध्ये आणि पानाची चौकट साच्यात, अशी वाटणी झाली. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेससारख्या साधनांनी ही वाटणी सामान्य माणसाच्या हाती दिली. शीर्षपट्टी, मेनू, तळपट्टी एकदाच लिहायची; प्रत्येक पान उघडताना साचा ती जोडतो आणि मधल्या जागेत त्या पानाचा मजकूर बसवतो. एका जागी दुरुस्ती केली की सगळीकडे होते.

याचा उपयोग किती, हे मराठवाड्याने अलीकडेच पाहिलं. २०२३ च्या फेब्रुवारीत औरंगाबादच्या नव्या नावाला केंद्राची मंजुरी मिळाली, आणि सप्टेंबरात जिल्हा, विभाग, तालुका सगळ्यांचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं. हिंगोली याच महसुली विभागात येते. विभागाचं नाव साच्यात एका ठिकाणी असेल, तर बदल पाच मिनिटांचा. तेच नाव कोणी पानापानावर हाताने टंकलं असेल, तर ते कुठेकुठे उरलं हे शोधण्यात महिने जातात. इथे एक सावधगिरीही हवी. २०१५ च्या आदेशावर त्या वेळचंच नाव राहिलं पाहिजे. तो अभिलेख आहे. साच्यातलं नाव बदलावं, दस्तऐवजातलं बदलू नये. चांगला साचा हा फरक आपोआप राखतो, कारण त्याचा हात दस्तऐवजापर्यंत पोचतच नाही.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत असे पाच तालुके. आणि चारच दिवसांनी, ५ मे १९९९ ला, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने अपंगांना वेब कशी वापरता येईल याची पहिली मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. जिल्हा आणि ही तत्त्वं एकाच वयाची. ती इकडे पोचायला वेळ लागला. भारत सरकारच्या वेबसाइटसाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, २००९ मध्ये पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. तिसरी आवृत्ती २०२३ ची. नुसती तत्त्वं छापून फार काही बदललं नाही. जिल्ह्याजिल्ह्यातल्या वेबसाइट ज्याच्या त्याच्या हाताच्या राहिल्या. कुठे सरकत्या ओळी, कुठे चमकणारं ‘नवीन’, कुठे पिवळ्यावर पांढरी अक्षरं.

खरा फरक पडला तो एनआयसीने गेल्या दशकाच्या उत्तरार्धात एस-थ्री-वॅस ही चौकट आणली तेव्हा. नावातले तीन ‘एस’ म्हणजे सुरक्षित, वाढवता येण्याजोगी आणि सुगम्य; इंग्रजी नावातही ‘सुगम्य’ हा आपला शब्द तसाच ठेवला आहे. जिल्हा कार्यालयाने तयार रूपांपैकी एक निवडायचं, मजकूर भरायचा; सुरक्षा, सर्व्हर, मोबाइलवर पान नीट दिसणं हे सगळं केंद्राकडे. देशातल्या जिल्ह्यांच्या वेबसाइट बहुतांशी या चौकटीवर आल्या, पुढे जिल्हा न्यायालयांच्याही. जिल्ह्याविषयी, निर्देशिका, विभाग, पर्यटन, सूचना, नागरिकांसाठी सेवा असा मेनू. पदभरतीची जाहिरात शोधणारा सेनगावचा मुलगा हिंगोलीच्या पानावर जिथे पाहतो, तिथेच त्याला वाशिमची आणि नांदेडची जाहिरात सापडते. तीन जिल्ह्यांत अर्ज करणाऱ्याला याची किंमत कळते.

ब्रिटनने हाच मार्ग २०१२ मध्ये धरला. शेकडो सरकारी वेबसाइट एका पत्त्याखाली आणि एका रूपात आणल्या. भारत सरकारनेही २०२५ च्या फेब्रुवारीत आपल्या मंत्रालयांसाठी रंग, अक्षर, मांडणी यांची एक समान पुस्तिका जाहीर केली. वारं या दिशेचं आहे आणि ते योग्य आहे.

साच्याचं जे काम मला सर्वांत मोलाचं वाटतं ते डोळ्यांना दिसतच नाही. पानाच्या शीर्षात, वाचकाला न दिसणारी, भाषेची एक नोंद असते: हे पान मराठी आहे. ती नसेल किंवा तिथे हिंदी लिहिलं असेल, तर दोन गोष्टी बिघडतात. पहिली, ज्या फॉन्टमध्ये मराठीसाठी वेगळी वळणं आहेत त्यांत ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं मराठी वळणाची न येता हिंदी वळणाची येतात. दुसरी त्याहून गंभीर. दृष्टिहीन माणूस स्क्रीनरीडर नावाच्या वाचक-प्रणालीने पान ऐकतो, आणि ती प्रणाली कोणत्या भाषेच्या आवाजात वाचायचं हे त्या नोंदीवरून ठरवते. ती चुकली की मराठी मजकूर हिंदी किंवा इंग्रजी उच्चारात ऐकू येतो. ही एक नोंद साच्यात बरोबर केली की हजार पानं बरोबर होतात, आणि साच्यात चुकली की हजार पानं चुकतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान साडेचारास एक इतका उजळपणाचा फरक हवा, हा नियमही असाच: साच्यात पाळला तर पाळला, नाहीतर कोणी पानागणिक मोजत बसत नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला. हा हक्क आता साचा आखणाऱ्याच्या टेबलावर जाऊन बसला आहे.

पण साच्याचा हात पीडीएफच्या आत पोचत नाही. सरकारी वेबसाइटवरची खरी माहिती, म्हणजे भूसंपादनाची नोटीस, पात्र-अपात्र याद्या, निविदा, बहुतेक वेळा सही-शिक्क्याच्या कागदाचं छायाचित्र असते. ते शोधात येत नाही, स्क्रीनरीडरला वाचता येत नाही, मोबाइलवर दोन बोटांनी ताणून वाचावं लागतं. जुन्या फायलींत आणखी एक अडचण: ‘योगेश’, ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’ अशा फॉन्टांत टंकलेला मजकूर. तो फॉन्ट संगणकात नसेल तर पडद्यावर इंग्रजी चिन्हांची खिचडी. सगळ्या फॉन्टांना समान असलेल्या युनिकोड या संकेतप्रणालीने हा प्रश्न तत्त्वतः सोडवला, पण कार्यालयातला जुना मजकूर बदलून घेण्याचं काम कोणाच्याच नावावर नाही. बाहेरून पान सुसंगत, आत उघडलेली फाइल तीस वर्षं जुन्या अडचणीची.

साचा उत्तम कसा असावा याचा धडा हवा असेल तर तो जिल्ह्याच्या हळदीच्या व्यापारात आहे. हिंगोली आणि वसमत इथल्या हळदीच्या बाजाराकडे शेजारच्या जिल्ह्यांतले शेतकरीही लक्ष ठेवून असतात. कृषी पणन मंडळाच्या भावाच्या तक्त्यात रकाने ठरलेले: शेतमाल, जात-प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. परिमाण क्विंटल. हा तक्ता पाहणाऱ्याला वाचावा लागत नाही. त्याची नजर शेवटच्या रकान्यावर जाते, मग आवकेवर, आणि गाडी आज भरायची की उद्या हे ठरतं. रंग साधे, सजावट नाही. हे रकाने कोणा डिझायनरने कल्पनेने काढलेले नाहीत. बाजारात माल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाच्या प्रश्नांतून आले आहेत. आज किती माल आला? कमी कितीने गेला, जास्त कितीने? मला साधारण किती मिळेल?

याच्या उलट टोकाचं उदाहरण मराठी विकिपीडियावर आहे. तिथे टेम्प्लेटला ‘साचा’ हाच शब्द रुळला आहे, आणि एका तालुक्याच्या पानावरून दुसऱ्या तालुक्याच्या पानावर नेणाऱ्या पट्ट्या याच साच्यांतून येतात. ते काम देखणं आहे. परंतु हजारो गावांचे लेखही एकाच ठोकळ्यातून निघाले: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. अनेक लेखांत हे मथळे आहेत आणि मथळ्यांखाली काही नाही, किंवा कोणत्याही गावाला लागू होईल अशी दोन वाक्यं. स्वयंसेवकांचा हेतू चांगला होता. चौकट उभी करू, गावातलं कोणी येऊन भरेल अशी आशा त्यामागे होती. पण रिकामा मथळा पाहून गावातला माणूस भरायला बसतो असा अनुभव नाही. तो पान बंद करतो.

हाच धोका आता ग्रामपंचायतींच्या दारात आहे. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारने कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम आखला, त्यातल्या सात मुद्द्यांत पहिला मुद्दा संकेतस्थळाचा होता. मागोमाग २ ऑक्टोबरपर्यंतचा १५० दिवसांचा कार्यक्रम आला. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं, आणि गावाच्या डिजिटल कारभारालाही गुण लागले. हिंगोलीत साडेपाचशेहून अधिक ग्रामपंचायती आहेत. इतक्या गावांची पानं थोड्या दिवसांत उभी करायची तर तयार साचाच लागणार. त्यात चूक काही नाही. चूक होते ती एका गावाची चौकट दुसऱ्याला चढवताना, नाव बदललं आणि बाकी तसंच राहिलं तेव्हा. तेच हिरव्या शेताचं छायाचित्र, तीच ‘आमच्या गावाविषयी’ची वाक्यं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे दोन-तीन गावं असू शकतात, आणि वेबसाइट हे त्याच्या कामांच्या यादीतलं एक काम.

मग करायचं काय? माझ्या मते तीन जागी लक्ष घालावं.

नावं आधी. वसमत की बसमत? नर्सी की नरसी? नोंदींत एक, लोकांच्या तोंडी दुसरं. एकाच वेबसाइटच्या दोन पानांवर दोन रूपं आली की शोध अडतो: ‘बसमत’ टंकणाऱ्याला ‘वसमत’चं पान सापडत नाही. उपाय सोपा आहे. गाव-तालुक्याचं नाव हाताने टंकू द्यायचं नाही, यादीतून निवडायला लावायचं, आणि त्याच्याबरोबर गावाचा सरकारी संकेतांक छापायचा. सातबाऱ्यावर आता गावाच्या नावापुढे हा एलजीडी संकेतांक असतोच. उच्चार बदलो, स्पेलिंग बदलो, आकडा बदलत नाही. गावाचं पान, सातबारा, भावाचा तक्ता आणि योजनेची यादी या सगळ्यांना जोडणारा तोच धागा होऊ शकतो.

दुसरी तारीख. पुष्कळ साच्यांत तळपट्टीवर ‘शेवटचे अद्ययावत’ अशी एकच तारीख असते आणि ती अख्ख्या वेबसाइटची असते. काल एक निविदा चढवली की दोन वर्षांपूर्वीच्या दूरध्वनी यादीवरही कालची तारीख उमटते. वाचक विश्वासाने फोन करतो आणि बदली होऊन गेलेल्या अधिकाऱ्याचा नंबर लागतो. तारीख त्या पानाची हवी, आणि तिच्याशेजारी ते पान कोणाच्या जबाबदारीचं आहे तेही: नाव नको, पदनाम पुरे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये सेवा, मुदत, शुल्क, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलीय अधिकारी अशी यादी लावणं बंधनकारक आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मधले सतरा मुद्देही तसेच. कायद्याने रकाने आधीच आखून दिलेत. वेबच्या साच्याने त्यांना तारखेची आणि जबाबदारीची जोड द्यायची आहे, एवढंच.

तिसरं, रिकामा रकाना. इथे दप्तराची जुनी शिस्त उपयोगी पडेल. कागदी नमुन्यात रकाना कोरा सोडत नाहीत. भरण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ लिहितात. या एका शब्दाने खूप काही सांगितलं जातं: मी पाहिलं, तपासलं, आणि नोंदवण्यासारखं काही नाही. कोरी जागा यातलं काहीच सांगत नाही. पाहिलं नाही, विसरलं, लपवलं, यातलं काहीही असू शकतं. वेबच्या साच्यांनी ‘लवकरच उपलब्ध होईल’ हे वाक्य आणलं आणि ते वर्षानुवर्षं तसंच टिकलं. त्याऐवजी प्रत्येक रकान्याला दोनच पर्याय द्यावेत, माहिती किंवा ‘निरंक’, आणि दोन्हींना तारीख. गावात पशुवैद्यकीय दवाखाना नसेल तर ‘निरंक’. तो शब्द ग्रामसभेत वाचला गेला तर त्यावर ठराव होऊ शकतो. कोऱ्या जागेवर ठराव करता येत नाही.

साच्याचा आणखी एक गुण हवा: नवा रकाना उघडण्याची सोय. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचं गाव. त्याच्या परिसरात आता लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एकमेकींना काटकोनात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. जिल्ह्यांच्या पर्यटनाच्या साच्यात श्रेणी ठरलेल्या आहेत: धार्मिक, ऐतिहासिक, नैसर्गिक सौंदर्य अशा, आणि कशातच न बसणारं ते ‘इतर’. उद्या जगभरातले शास्त्रज्ञ आणि शाळांच्या सहली औंढ्याला येतील तेव्हा वेधशाळा ‘इतर’मध्ये शोधावी लागू नये. श्रेणी वाढवण्याचा अधिकार दिल्लीपासून निदान जिल्ह्यापर्यंत तरी यावा; चौकट, रंग, मेनू, भाषेची नोंद हे सगळं केंद्राकडेच राहू द्या.

तसा अधिकार आला तर पहिलं काम नर्सीच्या पानाचं करावं असं मला वाटतं. ‘कसे पोहोचाल’मध्ये चौथा रकाना: पायी. त्यात भरायची माहिती गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कोणत्या गावावरून किती कोस, वाटेत पाणी कुठे, रात्री देवळात राहायची सोय होते का, हिंगोलीकडे परत जाणारी शेवटची एसटी किती वाजता, आणि कयाधू नदीला पूर आला तर कोणता रस्ता धरायचा.